पंचविसाची गाडी, सहाची हजेरी

“लायसन नको, पासिंग नको, हेल्मेट नको.” शोरूमचा सेल्समन एकेक बोट मिटत म्हणाला. “मावशी, बसायचं आणि निघायचं.”

गयाक्का बसली नाही. बाजारात म्हैस बघावी तशी ती गाडीभोवती फिरत होती. सीटवर थाप मारली, चाकाला पायानं ढोसलं, आरशात तोंड बघितलं. आरशावर कुणाच्या तरी बोटाचा डाग होता, तो पदरानं पुसून टाकला. पंधरा वर्षं दुसऱ्याचा रस्ता झाडणाऱ्या बाईचा हात, दुकानात तरी गप्प कसा बसणार?

“आरं, हिला आवाज कसा न्हाई?”

“बॅटरीची आहे मावशी. आवाज नसतोच.”

“मंग कुत्र्यांला कळायचं कसं, कोण येतंय त्ये?”

सेल्समन खदाखदा हसला. मी हसलो नाही. पहाटे पाचला मोकळ्या रस्त्यावर बाई आणि सात कुत्री असा सामना ज्यानं बघितलाय त्याला यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

मी भागवत अडागळे. तेव्हा कचऱ्याची घंटागाडी चालवायचो, आजही चालवतो. गयाक्का, म्हणजे गयाबाई सकट, माझ्याच ठेकेदाराकडे झाडूवर होती. रक्ताचं नातं नाही, पण तिचं माहेर आणि माझ्या आईचं गाव एक, म्हणून मी भाऊ झालो आणि तिच्या पोरीचा मामा. शोरूमला मला आणलं होतं कारण भागवतला गाडीतलं कळतं, अशी सगळ्या कोठीची समजूत होती. ती समजूत मीच पसरवली होती.

कोठी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या दारासमोरचा रस्ता तुम्ही उठायच्या आत साफ असतो, म्हणून माहीत नसेल. कोठी म्हणजे झाडूवाल्यांच्या हजेरीची खोली. वर पत्रा, आत झाडू, फावडी, ढकलगाड्या आणि एक मुकादम. सकाळी सहाला तिथं हजेरी लागते. आधी वहीत अंगठा उठवायचो. मग ठेकेदारानं मुकादमाच्या हातात एक मोबाईल दिला. त्याच्यासमोर तोंड धरायचं, आतली बाई सांगेल तशी पापणी मिटायची, उघडायची. “धन्यवाद. हजेरी नोंदवली.” तो मोबाईल फक्त कोठीच्या पत्र्याखालीच चालायचा, रस्त्यावर नेला की मुका. सहा वाजून गेले की पडद्यावर लाल अक्षरं, वेळ संपली. म्हणजे खाडा. महिन्यात तीन खाडे झाले की नाव कट. दहा बायका त्या नावाची वाट बघत बाहेर उभ्या असायच्या, ठेकेदाराला काय फरक पडतो?

गयाक्काची कोठी आधी तिच्या वस्तीलाच लागून होती. एक दिवस साहेब पाहणीला आले तेव्हा ती बोलली, “सायेब, हातमोजे कागदावर येत्यात, हातात कधी यायचे?” साहेब हसले. आठ दिवसांत तिची बदली, पुढच्या एक तारखेपासून नऊ किलोमीटरवरच्या नव्या हद्दीत. माझी घंटागाडी तिकडेच होती, पण मी राहायला दुसऱ्या टोकाला. तिकडची पहिली बस सव्वासहाची. चालत जायचं तर चारला निघावं लागलं असतं, आणि तिच्या नळाला पाणीच साडेचारला यायचं, ते सव्वापाचला जायचं. घरात नवरा, अंगावरून वारं गेलेला. त्याचं हगणं-मुतणं, धुणं, दिवसभराचं पाणी, सगळं त्या पाऊण तासात. पोरगी मोनाली लांब नर्सिंगच्या कॉलेजला, होस्टेलवर. तेव्हा सव्वापाच ते सहा, एवढीच वेळ तिची होती. त्यात बसेल अशी गाडी पाहिजे होती. एवढीच गोष्ट आहे ही. गाडी निवडायची.

शोरूममध्ये दोन गाड्या तिच्या आवाक्यात होत्या. म्हणजे एक होती, आणि दुसरी ताणून होती. ताणून होती तिला नंबर प्लेट, पुढं डिस्कचा ब्रेक, लांब उजेड पाडणारा दिवा. पण तिला लायसन लागणार, हेल्मेट लागणार. दुसरी ही, तीन नकोवाली. ताशी पंचवीसच्या वर जात नाही म्हणून सरकार तिला गाडीच धरत नाही.

गयाक्का मोठ्या गाडीजवळ जाऊन उभी राहिली. तिचा दिवा लावायला लावला.

“ह्यो दिवा चांगलाय रं. खड्डा दिसंल.”

“आक्का, लायसनची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. देशील?”

“मी तिसरीपातूर गेलीय.”

“मग?”

“आन् ब्रेक? तो म्हनतोय हिचा ब्रेक चांगलाय.”

मी छाती काढून म्हणालो, “पंचविसाच्या गाडीला कशाला ब्रेक पाहिजे? पाय टेकवला तरी थांबते.”

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही. लिहून ठेवतो.

ती माझ्याकडे बघत होती. मग छोट्या गाडीवर बसली. साडी गुडघ्यापर्यंत ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी हँडल असं धरलं, जसं झाडूचा दांडा धरायची.

“बरं तर. हीच. भागवत म्हनतोय म्हंजी हीच.”

कागद होत होते तेव्हा सेल्समननं मला बाजूला घेतलं. सीट उचलली. खाली वायरींचा गुंता, त्यातून एक वायर वेगळी बाहेर काढून वेटोळं करून ठेवलेली. “ही काढली की पंचेचाळीस जाते. आमच्याकडून काढून देत नाही आम्ही. सांगून ठेवतो फक्त. सगळेच काढतात.”

“नको,” मी म्हणालो. “तिला पंचवीस बस्स आहे.”

तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

आठवडाभर तिला मी रिकाम्या मैदानावर शिकवलं. वस्तीतल्या बायका शेंगा खात बघत बसायच्या.

“गया, सरळ धर गं! ढकलगाडी न्हाई ती!”

“तुज्या नवऱ्यागत हाय गाडी, खाती तेवढं, बोलत न्हाई!”

गयाक्का वळण घेता घेता ओरडली, “तुज्यापेक्षा बरा! तुजा खातो बी आन् बोलतो बी!”

सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची एखादी गोष्ट चालवली असेल. चौथ्या दिवशी एकटी मैदानाला फेरी मारून आली तेव्हा तोंडावर असं हसू होतं की मी मान वळवली. दुसऱ्याचा एवढा आनंद बघायची सवय नव्हती मला.

मग कामाचा दिवस उजाडला.

पंचवीस हे कागदावर. वस्तीपासून नव्या हद्दीला जाताना मध्ये खिंडीचा चढ होता. तिथं गाडी बैलासारखी मान टाकायची. बारा, तेरा. मागून दुधाचे टेम्पो अंगावर हॉर्न मारत जायचे. पहिले तीन दिवस ती पाच अठ्ठावन्न, पाच सत्तावन्न, पाच एकोणसाठ अशी पोचली. गाडी लावायला सवड नाही. भिंतीला टेकवायची आणि पळत पत्र्याखाली जायची. मुकादम शिंत्रे मोबाईल पुढं धरून उभा असायचा. वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर कुणी होतंच.

चौथ्या दिवशी सहा वाजून दोन मिनिटं. नळाला पाणी दहा मिनिटं उशिरा आलं होतं. लाल अक्षरं.

“शिंत्रेदादा, दोन मिन्टं झाली फकस्त.”

“माझ्या हातात काय आहे का बाई? हे बघ, मिशन घेतच नाही.”

बाराव्या दिवशी सहा वाजून चार. चढावर टेम्पोनं दाबलं म्हणून ती उतरून गाडी ढकलत आली होती. दुसरा खाडा. महिना संपायला अजून सतरा दिवस होते.

गयाक्का रडली नाही. कोठीसमोरच्या फुटपाथवर बसली आणि शिव्या दिल्या. आधी नळाला, मग खिंडीला, मग टेम्पोवाल्याच्या आईला, मग ठेकेदाराला, शेवटी गाडीला. मला दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं.

“भागवता, तिसरा खाडा पडला तर मोनाचं कॉलेज गेलं रं. एकच वरीस ऱ्हायलंय तिचं. पांढरा डरेस घालून आली ना ती, मंग मी झाडूला हात लावनार न्हाई.”

“चावी दे,” मी म्हणालो.

“कशाला?”

“सर्व्हिसिंग करून आणतो.”

मी गाडी कोठीच्या मागं नेली, सीट उचलली, आणि ती वायर काढली. अर्धं मिनिट लागलं नाही. तिला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती. आणि कारण मला तिनं दुसऱ्या दिवशी चकित झालेलं बघायचं होतं. देणारा माणूस किती हलकट असतो हे घेणाऱ्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पाच सेहेचाळीसला कोठीवर. पदर मागं उडालेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय वाऱ्यानं.

“भागवता! काय केलंस रं हिला? भूत शिरलंय की हिच्यात!”

“तेलपाणी केलं जरा.”

“बॅटरीच्या गाडीला कसलं तेल?” ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “उताराला भ्या वाटतं रं थोडं. ब्रेक दाबला तरी फुडं जाती.”

“सवय होईल.”

नऊ दिवस ती वेळेच्या आधी पोचली. हजेरी लावून चहा पिऊन मग झाडू उचलायची. बायका तिला ‘हवाई गया’ म्हणायला लागल्या. शिंत्रेसुद्धा एकदा म्हणाला, “बाई, जरा उशिरा येत जा, माझा मोबाईल चार्ज नसतो.”

खिंड उतरली की डावीकडं एक मोठी इमारत उठत होती. बिल्डरची खडीची कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, वळणावर रस्त्यापर्यंत पसरायची. तो पट्टा गयाक्काच्याच झाडायच्या हद्दीत. तिनं दोनदा शिंत्रेला सांगितलं होतं, कच आवरायला लावा, माणूस पडंल. शिंत्रेनं वर सांगितलं होतं. वरच्यानं त्याच्या वर सांगितलं असेल. ती मात्र रोज झाडून काढायची आणि रोज रात्री डंपर परत सांडायचे.

त्या दिवशी मी घंटागाडी घेऊन कोठीकडे निघालो होतो. पाच पन्नास झाले असतील. वळणावर हेडलाइट कचेवर पडला आणि कचेत गाडी आडवी दिसली. तिचा छोटा दिवा लागलेला होता, जमिनीकडे बघत. मग पुढे, दुभाजकापाशी, लाल लुगडं.

“आक्का!”

तिचे डोळे उघडे होते. अंगाला कुठं खरचटल्यासारखंही नव्हतं फारसं. फक्त डाव्या कानातून रक्ताची बारीक धार, गळ्याकडे चाललेली. पदर डोक्याला गुंडाळलेला तसाच होता. हेल्मेट नको.

“घसारली रं,” ती म्हणाली. “मीच झाडत्ये न् मीच घसारली.”

“बोलू नको. ऊठ मला धरून… नाही, थांब, मीच उचलतो.”

तिला उचलून केबिनमध्ये माझ्या शेजारी बसवली. तिची मान माझ्या खांद्यावर पडली. ती पुटपुटली,

“किती वाजलं?”

“सहाला नऊ कमी.”

“आदी कोठीवर घे.”

“आक्का, दवाखाना…”

“तिसरा हाय भागवता. आदी हजेरी. मंग कुटं बी ने.”

त्या वळणावरून पुढे रस्ता फुटतो. डावीकडे मोठा दवाखाना, वीस मिनिटांवर. उजवीकडे कोठी, चार मिनिटांवर. मी उजवीकडे वळलो. विचार न करता वळलो असं मी म्हणणार नाही. केला विचार. विचार एवढाच आला, तिसरा खाडा.

कोठीवर बायका झाडू घेऊन उभ्या होत्या. मी तिला दोन्ही हातांवर घेऊन उतरलो तेव्हा कुणी किंचाळलं नाही. त्यांना बघताक्षणी कळलं मी तिला इथं का आणलंय. हेच सांगायचंय मला. एकीनंही विचारलं नाही की वेड्या, इथं कशाला आणलीस? एकीनं सतरंजी टाकली, एकीनं तिच्या तोंडावरचं पुसलं, चेहरा साफ दिसावा म्हणून. शिंत्रे तेवढा म्हणाला, “भागवत, दवाखान्यात ने रे हिला.” मग त्यानं घड्याळ बघितलं. “बरं, आण. लवकर आण.”

मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, “चेहरा नीट दिसत नाही. पुन्हा प्रयत्न करा.”

मी तिची हनुवटी वर धरली.

“डोळे उघडा.”

गयाक्काचे डोळे आता मिटत चालले होते. “आक्का, डोळं उघड, एकदाच उघड,” बायका म्हणत होत्या. तिच्या पापण्या थरथरल्या, उघडल्या नाहीत. पाच अठ्ठावन्न झाले होते. मी माझ्या अंगठ्यानं तिची पापणी वर उचलली. दुसऱ्या हातानं दुसरी.

“पापणी मिटा.”

मी अंगठे खाली घेतले.

“पापणी उघडा.”

वर घेतले.

“धन्यवाद. हजेरी नोंदवली.”

“लागली गं बाई, लागली!” कुणीतरी म्हणालं. पाच एकोणसाठ. माझ्या अंगठ्याखाली तिची पापणी गरम होती.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सहा पंचवीस झाले होते. तिला आत नेलं. सातला एक नर्स बाहेर आली, माझ्या हातात तिचं मंगळसूत्र आणि जोडवी दिली.

नंतरचं तुम्हाला पाठ असेल. ठेकेदाराचा माणूस आला. आधी म्हणाला, कामावर येताना पडली तर आमचा संबंध नाही. मग शिंत्रेनं मोबाईल दाखवला. पाच एकोणसाठची हजेरी, फोटोसकट. मशीनला खोटं कोण म्हणणार, मशीन त्यांचंच. आम्ही बावीस जणांनी अंगठे उठवून सांगितलं, ती हजेरी लावून कामाला निघाली आणि वळणावर पडली. ठेकेदाराचा नियम होता, कामावर असताना गेली तर वारसाला तिची जागा. त्यानं दिली. चौकात फ्लेक्स लावला, गयाबाईचा फोटो, खाली त्याचा तिच्याहून मोठा फोटो. वस्तीत लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. भागवतानं डोकं चालवलं. भागवतानं घर वाचवलं. तिच्या तेराव्याला पहिलं पान मला वाढलं.

फोटो त्या मोबाईलमध्ये अजून असेल. नीट बघितलं तर कडेला माझे दोन अंगठे दिसतात.

वारस म्हणजे मोनाली. बाप अंथरुणावर, दुसरं कोण? तिनं कॉलेज सोडलं, होस्टेलवरून ट्रंक आणली आणि आईचा झाडू घेतला. गाडी मीच दुरुस्त करून दिली. हँडल सरळ केलं, आरसा नवा लावला, आणि तिला न सांगता ती वायर परत जोडली. वर काळी पट्टी गुंडाळली, चार वेढे.

महिना झाला नसेल. अकराच्या सुमारास काम आटोपून मी घंटागाडी धूत होतो. मोनाली गाडी ढकलत आली. तेवीस वर्षांची पोर, आईसारखीच उंच, पण बोलणं शिकलेलं.

“मामा, आई असताना ही पळायची म्हणे. बायका सांगतात, हवाई गया. माझ्याच हातात काय झालंय हिला?”

मी पाइप बंद केला. “जुनी झाली बॅटरी.”

“तीन महिन्यांची बॅटरी?”

“मग चढ असेल…”

“मामा.”

ती नुसती बघत होती, शोरूममध्ये तिची आई बघत होती तशी. आणि माझ्याच्यानं पुढचं खोटं उचललं नाही. मी तिथंच ओल्या जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मोठ्या गाडीचा दिवा, ब्रेक. पाय टेकवला तरी थांबते. वायर. आणि मग ते, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं. की वळणावर तिची आई बोलत होती. की मी उजवीकडे वळलो. की दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, कधी पडली? मी म्हणालो होतो, आत्ताच. तो म्हणाला, आत्ताच नाही. थोडं आधी आणली असती तर डोकं उघडून बघता आलं असतं.

पोरगी ऐकत होती. रडेल, मारेल, थुंकेल असं वाटलं. थुंकली असती तर मी पुसलं नसतं.

“मला माहितीय,” ती म्हणाली.

“काय?”

“दवाखान्याचा कागद माझ्याकडं आहे. आत घेतल्याची वेळ सहा पंचवीस. हजेरी पाच एकोणसाठ. बायका सांगतात, कोठीवर आणलीत तेव्हा पाच पंचावन्न. वळणावरून कोठी चार मिनिटं, दवाखाना वीस. मी नर्सिंगला होते मामा. कानातून रक्त म्हणजे काय, ते आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवतात. मी रात्रभर बसून मोजलं होतं. चौदा मिनिटं. फार तर पंधरा.”

“मग तू एवढे दिवस…”

“आईच म्हणाली होती ना, आधी कोठीवर घे म्हणून?”

“हो.”

“ती तसंच म्हणणार. आणि तुम्ही डावीकडं वळला असता आणि ती तरीबी गेली असती, तर मी आज कुठं असते?” तिला हे बोलताना त्रास होत नव्हता. तोच त्रास होता. “मी असते तरी मीबी उजवीकडंच वळले असते.”

मला वाटलं, झालं. क्षमा म्हणतात ती ही असेल. मी डोळे पुसायला हात वर केला, तर तिनं गाडीची सीट उचलली होती.

“कुठली वायर?”

“मोना, नको.”

“कुठली ते सांगा.”

“तुझ्या आईचा जीव गेला त्या वायरीनं.”

“मामा, नळाला पाणी अजून साडेचारलाच येतंय.” ती वाकून आत बघत होती. “आणि माझे दोन खाडे झालेत.”

मी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. त्या गुंत्यात काळी पट्टी एकाच वायरीवर होती, मीच गुंडाळलेली, चार वेढे. तिनं नखानं टोक धरलं आणि सोडवायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी शिंत्रेच्या शेजारी उभा होतो. पाच सत्तेचाळीसला ती आली. गाडी भिंतीला टेकवली, पत्र्याखाली आली, तोंड मोबाईलसमोर धरलं.

“पापणी मिटा,” आतली बाई म्हणाली.

मोनालीनं मिटली.

“पापणी उघडा.”

तिची तिनं उघडली.